पहिला किल्ट घालण्याआधी काय वाचावं, आणि कोणत्या क्रमाने

एडिंबराला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राच्या लग्नाचं बोलावणं आलं. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात 'हायलंड ड्रेस' असं छापलेलं होतं, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागाचा पोशाख, किल्ट: पुरुषांनी कमरेला गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा. त्याच आठवड्यात मी एका दुकानात गेलो, जीन्सचा कमरेचा आकडा सांगितला, टांगलेल्या कापडांतलं एक डोळ्यांत भरलं त्याकडे बोट दाखवलं आणि पैसे भरले. दीड महिन्याने किल्ट हातात आला. लोकर उत्तम होती, शिवणही सुबक. पण बक्कल कमरेला पोचत नव्हतं, आणि खाली ओढून कसंबसं अडकवलं तर काठ गुडघ्याखाली चार बोटं उतरत होता. तो किल्ट मला शेवटपर्यंत नीट बसला नाही.

तेव्हापासून कुणी मराठी मित्र "पहिला किल्ट घ्यायचाय, कुठून घेऊ?" असं विचारतो तेव्हा मी दुकानाचं नाव नंतर सांगतो, वाचायचं काय ते आधी. किल्टचे नियम दोन जातींचे असतात. काही कापडाचे आणि काही माणसांचे. माप कुठे घ्यायचं, निऱ्या कुठल्या बाजूला येतात, पिन किती थरांतून टोचायची, हे कापडाचे. ते मोडले तर कापड लगेच दाखवून देतं. कुणी कुठला टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरचा रंगीत चौकड्यांचा नमुना, घालावा, कुठल्या वेळी कुठला कोट, हे माणसांचे. ते बहुतेक वेळा आपल्याला सांगितलं जातं त्यापेक्षा बरेच नवे आणि बरेच सैल असतात. नवख्या माणसाची गफलत अशी होते की तो माणसांच्या नियमांना घाबरतो आणि कापडाच्या नियमांकडे दुर्लक्ष करतो. खाली दिलेला क्रम ही गफलत टाळण्यासाठी आहे.

पहिली पायरी: एक संध्याकाळ इतिहासाला

सुरुवातीला इतिहास मोजकाच वाचा, पण वाचा. लग्नात, पबमध्ये, टॅक्सीत कुणी ना कुणी तुम्हाला "हे असंच असतं, हजार वर्षांपासून" म्हणून सांगणार आहे. त्यातलं किती खरं, हे आपल्याला ठाऊक असावं.

मूळ पोशाख म्हणजे 'फेला मोर', मोठा गुंडाळा. लोकरीचं लांबलचक कापड निऱ्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचं, आणि वर उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. शिवण नाही. पुढे वरचा भाग गळला आणि कमरेखालचा 'फेला बेग', म्हणजे छोटा गुंडाळा राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या निऱ्या कायमच्या शिवून टाकायला लागले, तो आजचा किल्ट. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. नेसायची नऊवारी आणि हल्ली मिळणारी शिवलेली नऊवारी यांच्यात जे अंतर आहे तेच इथे आहे. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर किल्ट पाहिला तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "अरे, यांच्या निऱ्या रोज घालाव्या लागत नाहीत, बऱ्या आहेत."

छोटा किल्ट पहिल्यांदा कुणी केला यावर मोठा वाद आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराचा निबंध १९८३ साली आलेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या संग्रहात आहे. अठराव्या शतकात हायलंडमध्ये लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने कामगारांच्या सोयीसाठी तो करवून घेतला, असं त्याचं म्हणणं. निबंध झकास आहे आणि नवख्याच्या डोक्यातला भाबडेपणा एका बैठकीत उतरवतो. पण तो एकटा वाचू नका. रॉलिन्सनच्या आधीही लोक असा आखूड गुंडाळा वापरत होते असं मानणारे अभ्यासक आहेत. जॉन टेल्फर डनबर यांचं 'हिस्टरी ऑफ हायलंड ड्रेस' हे १९६२ चं पुस्तक वाचनालयातून आणून शेजारी ठेवा. जुनी चित्रं आणि जुनी वर्णनं त्यात एकत्र सापडतात. मग आपलं मत आपण बनवावं.

एक मजकूर मात्र मुळातूनच वाचा: १७४६ चा पोशाखबंदीचा कायदा. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर जेकबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या बंडखोरांच्या सैन्याचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने हायलंडच्या पुरुषांना किल्ट आणि टार्टनचे कोट घालायला मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ही बंदी १७८२ साली उठली. मजकूर जेमतेम पानभर आहे, भाषा जुनी आणि कोरडी. कपड्यांच्या नावांची ती यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण तीच नावं आज भाड्याच्या दुकानाच्या पावतीवर असतात.

या बंदीतून सैनिकांना सूट होती. त्यामुळे किल्ट टिकला तो फार मोठ्या प्रमाणात ब्रिटिश सैन्याच्या हायलंड पलटणींमध्ये, आणि त्या पलटणी आपल्याकडेही आल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली, तेव्हा त्याच्याकडे ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलंड पलटणी होत्या. त्या लढाईची खूण म्हणून त्यांच्या चिन्हांत हत्ती आणि 'असई' हे नाव आलं. एडिंबराच्या किल्ल्यासमोरच्या पटांगणात ७८ व्या पलटणीचं एक स्मारक आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या सैनिकांचं. क्रॉसच्या त्या दगडी स्मारकावरही हत्ती कोरलेला आहे. पर्यटक त्याच्याकडे पाठ करून किल्ल्याचे फोटो काढतात. मी तिथे पहिल्यांदा थांबलो तेव्हा बराच वेळ हललो नाही. एकाच पोशाखावर आधी बंदी येते, आणि मग तोच अंगावर घालून माणसं आपल्या मुलखात लढायला येतात. मराठी माणसाने किल्ट जरूर घालावा, पण ही बाजू वाचून घालावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: टार्टनची नोंद वाचायला शिका

"माझं कुळ स्कॉटिश नाही, मी टार्टन कुठला घालू?" हा प्रश्न सगळ्यांत जास्त छळतो. म्हणून आधी कुळांचे टार्टन आले कुठून ते पाहू.

बॅनॉकबर्न गावच्या विल्सन घराण्याची विणकरी पेढी हा टार्टनचा सगळ्यांत मोठा कारखाना होता. त्यांची १८१९ ची नमुन्यांची वही प्रसिद्ध आहे. बऱ्याच नमुन्यांना सुरुवातीला नुसते आकडे किंवा गावांची नावं होती, कुळांची नावं पुढे चिकटली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. त्या सोहळ्याची आखणी सर वॉल्टर स्कॉट यांनी केली आणि सगळ्यांनी आपापल्या टार्टनमध्ये यावं असं ठरलं. मग प्रत्येक घराण्याला आपला टार्टन हवाच झाला. १८४२ मध्ये दोन भावांनी 'व्हेस्टिअरियम स्कॉटिकम' नावाचा ग्रंथ काढला. तो एका जुन्या हस्तलिखितावरून घेतल्याचा त्यांचा दावा होता. हस्तलिखित बनावट असल्याचं अभ्यासकांचं मत आहे, तरीही त्यातले कितीतरी टार्टन आज कुळांचे अधिकृत टार्टन म्हणून घातले जातात, आणि प्रेमाने घातले जातात. परंपरा अशीही घडते. पण एखाद्याने तुम्हाला "हा टार्टन घालायचा तुला हक्क नाही" असं म्हटलं, तर त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते आता तुम्हाला कळेल.

आता स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स उघडा. २००८ च्या कायद्याने ही सरकारी नोंदवही झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली. शोध फुकट आहे. एका टार्टनच्या नोंदीत इतक्या गोष्टी पाहा. एकाच नावाचे पाच-सात टार्टन असू शकतात, म्हणून नुसतं नाव न बघता नोंद क्रमांक उतरवून घ्या. मग प्रकार बघा: कुळाचा, जिल्ह्याचा, सैन्याचा, संस्थेचा की फॅशनचा. मग तारीख. कितीतरी 'प्राचीन' वाटणारे टार्टन आपल्या जन्मानंतरचे निघतात. शेवटी निर्बंधांचा रकाना. तिथे काही लिहिलेलं असेल तर ते पाळायचं. बॅल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखलेला आहे, तो सोडून द्या. बाकी बहुतेक ठिकाणी कायदा आड येत नाही.

नोंदीत धाग्यांचा हिशेबही असतो. रंगाचं अक्षर आणि पुढे आकडा, म्हणजे त्या रंगाचे किती धागे. आपल्याकडे पैठणीच्या किंवा इरकलच्या काठाचा हिशेब मागावर जसा चालतो तसाच. तिरप्या रेघेने दाखवलेले दोन टोकाचे आकडे म्हणजे जिथून नमुना आरशासारखा उलटा फिरतो त्या जागा. नमुन्याच्या या एका पूर्ण आवर्तनाला 'सेट' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, निऱ्यांच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

शब्दांचे दोन सापळे आहेत. 'एन्शंट' म्हणजे जुना टार्टन असा अर्थ नाही. त्याच टार्टनची ती फिकट, वनस्पतींच्या रंगांसारखी छटा. 'मॉडर्न' म्हणजे तोच गडद रंगांत, 'वेदर्ड' म्हणजे मातकट, ऊनपावसाने उतरल्यासारखा. आणि 'हंटिंग' म्हणजे शिकारीलाच घालायचा असं नाही, तो हिरव्या-तपकिरी वळणाचा टार्टन. 'ड्रेस' मध्ये पांढरा रंग भरपूर. ऑर्डर देताना टार्टनचं नाव सांगून छटा सांगितली नाही तर भलतंच कापड येऊ शकतं.

माझा सल्ला सरळ आहे. कुळाशी नातं नसेल तर ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट किंवा कॅलेडोनिया घ्या. हे सगळ्यांसाठी खुले मानले जातात. किंवा तुम्ही जिथे राहता त्या शहराचा, जिल्ह्याचा टार्टन घ्या. ग्लासगोत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने ग्लासगोचा टार्टन घालावा यात मला फार अर्थ वाटतो. मित्राच्या लग्नात त्याच्या कुळाचा टार्टन घालायची इच्छा असेल तर त्याला आधी विचारा, एवढंच. बहुतेक जण खूष होतात. पण निवड पडद्यावर करू नका. कापडाचा तुकडा मागवा आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, आपल्या हातावर ठेवून बघा. आपल्या सावळ्या रंगावर गडद हिरवा-निळा आणि मातकट छटा फार देखण्या दिसतात.

तिसरी पायरी: माप

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. माझं चुकलं ते इथेच.

पारंपरिक किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते. विणकराने मागावर घातलेला कापडाचा काठच खाली येतो. म्हणजे पँटसारखं "दोन इंच सोडून दे, नंतर उसवू" इथे चालत नाही. लांबी शिवतानाच अचूक हवी. एवढं एक वाक्य मला आधी कुणी वाचायला दिलं असतं तर माझा पहिला किल्ट वाया गेला नसता.

यासाठी 'द आर्ट ऑफ किल्टमेकिंग' हे बार्बरा ट्युक्सबरी आणि एल्सी स्ट्युमायर यांचं पुस्तक मिळवा. पुस्तक किल्ट शिवणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही सुई हातात घेणार नसलात तरी मापाचा भाग वाचा. किल्टचा प्रत्येक इंच कुठे जातो ते कळलं की फीत कुठे धरायची ते आपोआप कळतं. त्यानंतर, आणि हे चुकवू नका, ज्याच्याकडून शिवून घेणार त्याचाच मापाचा तक्ता वाचा. प्रत्येक शिवणाऱ्याची रीत थोडी वेगळी असते. एक जण गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं माप मागतो, दुसरा गुडघे टेकून जमिनीपर्यंतचं मागतो आणि त्यातून आपल्या हिशेबाने वजा करतो. दोघांची सरमिसळ केली की काठ चुकलाच.

माप स्वतःचं स्वतः घेऊ नका. मान खाली घातली की कंबर हलते. माझं दुसऱ्या वेळचं माप बायकोने घेतलं, स्वयंपाकघरात, फरशीवर. पातळ बनियन, अनवाणी, ताठ उभं, पोट आत न ओढता. शिंप्याची कापडी फीत हवी, लोखंडी नको.

कंबर मोजायची ती बेंबीच्या रेषेत. जीन्स जिथे बसते तिथे नाही. जीन्सचा पट्टा नितंबांच्या हाडावर असतो आणि किल्ट त्याच्या बराच वर, बरगड्या संपतात त्याच्या जवळ बसतो. माझी जीन्स ३४ ची आणि बेंबीपाशी फीत आली ३७ वर. हाच तो तीन इंचांचा फरक ज्याने बक्कल पोचत नव्हतं. मग नितंबांचा सगळ्यांत रुंद घेर, फीत आवळायची नाही, नुसती टेकवायची. हे माप कमी सांगितलं तर मागच्या निऱ्या फाकतात आणि तुम्ही चालताना त्या उघड्या पडतात. मग लांबी: बेंबीच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत. ताठ गुडघे टेकून बसल्यावर काठ जमिनीला लोळता कामा नये, जेमतेम वर तरंगला पाहिजे. उभं राहिल्यावर तो वाटीच्या वरच्या कडेपासून मध्यापर्यंत कुठेही चालतो. वाटीखाली गेला की माणूस बुटका दिसतो, आणि तो किल्ट दुसऱ्याचा वाटतो.

प्रत्येक माप तीनदा घ्या आणि कागदावर तारीख टाकून ठेवा. आणि मापाच्या चिठ्ठीवर "ही पँटची मापं नाहीत" असं स्वच्छ लिहा.

चौथी पायरी: कापड आणि निऱ्या

दुकानात '८ यार्ड' ऐकलं की आपल्या कानांना ते आठ वार म्हणून ऐकू येतं, नऊवारीला एकच वार कमी. बाजारात कापड दुप्पट पन्ह्याचं मिळतं. त्याचे चार वार उभे कापून जोडले की आठ वार होतात. आठ वार हा काही वेद नाही, अगदी सुरुवातीचे शिवलेले किल्ट निम्म्याच कापडात, रुंद पेटीसारख्या निऱ्यांचे होते. पण मागे दाट, जड, चालताना लयीत हलणाऱ्या निऱ्या हव्या असतील तर आठ वारांना पर्याय नाही. पाच वारांचा किल्ट हलका आणि स्वस्त, उन्हाळ्याला चांगला. वजन औंसात सांगतात. १६ औंस भारी, १३ मध्यम, १० ते ११ हलकं. १६ औंसांच्या कापडाचा आठ वारी किल्ट जवळपास पावणेदोन किलोंचा भरतो. पहिला किल्ट १३ औंसांचा घ्यावा असं मी सांगतो. वाऱ्यात टिकतो, आणि नाचताना जीव जात नाही. अॅक्रिलिकचे स्वस्त किल्ट एडिंबराच्या रॉयल माइल या पर्यटकांच्या रस्त्यावर रांगेने टांगलेले दिसतात. एका संध्याकाळच्या गमतीला ठीक, पण त्यांच्या निऱ्या धरत नाहीत.

मग निऱ्यांची दोन वळणं असतात. सेटप्रमाणे घातल्या तर पाठीमागेही पुढच्यासारखाच टार्टनचा चौकडा अखंड दिसतो. पट्ट्याप्रमाणे घातल्या तर प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ येते, आणि चालताना निऱ्या उघडल्या की आतला रंग चमकून जातो. दुसरी रीत सैन्यातली. शिवून घेणार असाल तर हे विचारायला विसरू नका, कारण विचारलं नाही तर शिवणारा आपल्या सवयीने ठरवतो. मी पट्ट्याच्या बाजूचा आहे. ती चमक एकदा पाहिली की दुसरं काही नको वाटतं.

शिवणारा चांगला असेल तर कित्येक आठवडे लागतात. लग्नाची तारीख जवळ असेल तर भाड्याने घ्या. पहिल्या वेळी भाड्याने घेण्यात काही कमीपणा नाही, उलट वाचलेलं अंगावर तपासून बघता येतं.

पाचवी पायरी: अंगावर चढवताना

या टप्प्यासाठी जे. चार्ल्स थॉम्पसन यांचं 'सो यू आर गोइंग टू वेअर द किल्ट' हे छोटं पुस्तक पुरे. नवख्यांसाठीच लिहिलेलं आहे. काही आवडीनिवडी लेखकाच्या स्वतःच्या आहेत, त्या त्याच्याच म्हणून वाचाव्यात.

नवा किल्ट घरी आला की आधी उजेडात पसरा आणि निऱ्यांच्या खालच्या भागात पांढरा धावदोरा शोधा. प्रवासात निऱ्या मोडू नयेत म्हणून शिवणारा कच्चे टाके घालून पाठवतो. ते काढायचे असतात. मी एका समारंभात एका तरुणाच्या मागे उभा होतो. सुंदर किल्ट, आणि निऱ्या पाटीसारख्या घट्ट बंद, मध्ये पांढरा दोरा आडवा चाललेला. त्याला बाजूला घेऊन, खिशातल्या नखकात्रीने दोन टाक्यांमधला दोरा कापून हलकेच ओढून काढला. निऱ्या सुटल्या आणि त्याची चाल बदलली.

मोजे आणि बूट आधी चढवा, किल्ट नंतर. किल्ट आवळल्यावर वाकून नाड्या बांधणं फार कठीण. मोज्याची वरची घडी गुडघ्याच्या हाडाखाली तीन बोटं, आणि रंगीत पट्ट्या पायाच्या बाहेरच्या अंगाला. किल्टबरोबर घालायच्या 'गिली' बुटांना जीभ नसते. लांब नाड्या दोन-तीनदा पिळून घोट्याभोवती घ्यायच्या आणि गाठ बांधायची, फार उंच चढवायच्या नाहीत.

आता किल्ट. निऱ्या मागे, सपाट भाग पुढे. आतला पदर उजवीकडून डावीकडे जातो आणि त्याची वादी डाव्या कमरेच्या चिरेतून बाहेर काढून बक्कलमध्ये अडकवायची. ती चीर नवख्याला दिसत नाही, बोटाने चाचपडून शोधा. मग वरचा पदर डावीकडून उजवीकडे, आणि उजव्या बाजूची बक्कलं. झालर असलेली कड नेहमी घालणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. आरशासमोर बघा: पुढच्या भागातली उभी मधली रेघ नाकाच्या रेषेत आली पाहिजे.

पिन फक्त वरच्या पदरातून टोचायची, खालच्या उजव्या कोपऱ्यात. दोन्ही पदरांतून टोचली तर पहिल्याच मोठ्या पावलाला लोकर फाटते. स्पॉरन म्हणजे किल्टवर पुढे लटकवायची पिशवी; तिची साखळी मागच्या पट्ट्यांतून ओवा, आणि पिशवी पोटावरच्या बक्कलच्या चार बोटं खाली ठेवा. नाचताना ती कमरेच्या बाजूला सरकवतात. जॅकेटबरोबर वेस्टकोट घातला असेल तर पट्टा नको.

आत काय घालायचं, हे जो तो आपलं ठरवतो. भाड्याचा किल्ट असेल तर दुकानदार अंतर्वस्त्र घालायला सांगतात आणि ते रास्त आहे.

बसण्याचा सराव घरी करा. बसताना उजवा हात मागे नेऊन निऱ्या खाली सपाट करत बसायचं, जशा आपल्या घरातल्या बायका साडी सावरून बसतात. गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर.

कोट आणि सुरी यांचं थोडक्यात सांगतो. किल्टचं जॅकेट आखूड असतं. सुटाचा कोट घातला तर निऱ्या झाकल्या जातात. संध्याकाळी 'प्रिन्स चार्ली' नावाचं जॅकेट, दिवसा ट्वीडचं किंवा 'अर्गाइल' नावाचं, हा ढोबळ रिवाज, आणि तो माणसांच्या नियमांपैकी. पत्रिकेत लिहिलेलं नसेल तर यजमानाला विचारा. मोज्यात खोचायची ती छोटी सुरी म्हणजे 'स्कीअन डू'. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मोज्यात खोचायची, फक्त मूठ दिसली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर पातं बाळगणं गुन्हा आहे, मात्र राष्ट्रीय पोशाखाचा भाग हे कारण कायद्यात मान्य आहे. तरी विमानात हातातल्या बॅगेत ती कधीही ठेवू नका. मी प्लॅस्टिकच्या पात्याची वापरतो.

मराठी लग्नात किल्ट

इथल्या मराठी-स्कॉटिश लग्नांत नवरदेव हमखास विचारतो: किल्ट घालून मांडवात बसू का? मांडी घालून बसायचं असेल तर नको. पुढचा सपाट भाग वर चढतो, मागच्या निऱ्या चुरगळतात, आणि होमासमोर तासभर लोकरीत बसणं जाचक होतं. विधीला धोतर किंवा सोवळं, आणि स्वागताला किल्ट. ज्याला दोन्ही एकत्रच हवंय त्याने चौरंगाऐवजी पाठ नसलेली खुर्ची मागावी. बूट काढावे लागणार हे धरून नाड्या सैल गाठीच्या ठेवा. आणि स्पॉरन कातड्याचं असतं, देवासमोर जाताना ते काढून कुणाच्या तरी हातात द्या. मी पाहिलेल्या एका लग्नात नवऱ्याच्या स्कॉटिश वडिलांनी आपण होऊन स्पॉरन काढलं, मुलीच्या काकांनी ते शेल्यात गुंडाळून धरलं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत ते दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते.

सील किंवा तत्सम प्राण्याच्या कातड्याचं जुनं स्पॉरन असेल तर परदेशी नेण्याआधी त्या देशाचे वन्यजीवांविषयीचे नियम वाचा.

निगा

किल्ट धुवायचा नसतो, वारा द्यायचा असतो. समारंभाहून आलात की रात्रभर उघड्यावर टांगा, डाग ओल्या फडक्याने टिपून घ्या. इस्त्रीची वेळ आली तर आधी निऱ्यांना पुन्हा कच्चे टाके घाला, मग ओलसर सुती कापड ठेवून दाबा. सरकवू नका. प्रवासात घडी नको, गुंडाळी करा.

पुण्या-मुंबईला नेणार असाल तर पावसाळ्याचा विचार करा. लोकरीला कसर लागते आणि दमट कपाटात बुरशीही. पूर्ण कोरडा करून जुन्या सुती साडीत गुंडाळा. कडुलिंबाचा वाळलेला पाला बाहेरून ठेवा. डांबराच्या गोळ्या लोकरीला चिकटून ठेवल्या तर वास वर्षभर जात नाही.

शेवटचं काम ऑर्डर देतानाच करायचं असतं, म्हणून नीट ध्यानात ठेवा. कापताना उरलेली पट्टी शिवणाऱ्याकडून मागून घ्या. तोच टार्टन पुन्हा विणला तरी रंगाची छटा हुबेहूब तशीच येईल याची खात्री नसते. त्या पट्टीला एक चिठ्ठी टाचा: टार्टनचं नाव, नोंद क्रमांक, छटा, औंस, विणकर, आणि तुमची तीन मापं. ती किल्टच्याच गुंडाळीत ठेवा. दहा वर्षांनी कसरीने एखादं भोक पाडलं तर रफूगाराला त्याच कापडाचे धागे त्या पट्टीतून काढून देता येतील.